पंगतीपर्यंत पाहू

यवतमाळहून कळंबकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक बंद पडलेलं जिनिंग होतं. त्याच्या आवारात आमचा वृद्धाश्रम. सरकी काढायची यंत्रं केव्हाच विकली गेली होती, पण खिडक्यांच्या जाळ्यांत जुन्या कापसाचे पुंजके अडकून राहिले होते आणि कितीही झाडलं तरी निघत नसत. मी तिथं सहा वर्षं ‘सिस्टर’ होते. खरी नर्स नव्हते. रुग्णसेवेचा एक छोटा कोर्स केला होता, एवढंच. पण पांढरा कोट घातला की म्हातारी माणसं सिस्टर म्हणतात आणि आपणही ओ देतो.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, त्यात माझी भर नको. मला माझ्या दारातून दिसायचं ते एवढंच, की ज्या घरात पूर्वी एक म्हातारं माणूस सहज सांभाळलं जायचं तिथं आता दिवसभर कुणीच नसायचं. मुलगा ट्रकवर किंवा पुण्याला, सून दुसऱ्याच्या वावरात वेचायला. मग आई किंवा बाप आमच्याकडे. सोडायला येणारा मुलगा निघताना एकच वाक्य म्हणायचा, ‘काही झालं तर फोन करजा.’ काही झालं म्हणजे काय झालं, हे मात्र कुणी सांगून जात नसे. ते आम्हीच ठरवायचो. म्हणजे बाई ठरवायच्या.

बाई म्हणजे आश्रमाच्या प्रमुख. शाळेत त्या माझ्या मुख्याध्यापिका होत्या. सातवीनंतर मला घरी बसवायचं ठरलं तेव्हा बाईंनी घरी येऊन माझ्या बापाशी दोन तास वाद घातला होता. आईनं तीनदा चहा केला, बाईंनी तिन्ही वेळा घेतला, पण माझं नाव शाळेतून कमी होऊ दिलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा आश्रम हाती घेतला आणि मला बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या तर मी विहिरीतही उडी मारली असती. हे मी आज चिडून लिहिते आहे, पण तेव्हा ते खरं होतं.

आश्रमात त्यांनी शाळेच्या बऱ्याच रीती आणल्या होत्या. सकाळी हजेरी, वारानुसार अंघोळी आणि एक वही, ‘पडल्याची वही’. कुणी पडलं की मी त्या वहीत आधी शिसपेननं लिहायचं. नाव, वेळ, जागा. मग संध्याकाळच्या पंगतीपर्यंत वाट पाहायची. सकाळचं जेवण ज्याचं त्याच्या खाटेजवळ, पण संध्याकाळी, उजेड असतानाच, सगळ्यांनी लांब गॅलरीत खाली पंगतीला बसायचं, असा आमच्याकडे नेम होता. पडलेलं माणूस आपल्या पायानं पंगतीला आलं आणि मांडी घालून जेवलं, तर ते पडलं नाही. बाई खोडरबरानं नोंद पुसून टाकायच्या. मांडी घालता आली नाही, तर नोंद शाईनं पक्की, डॉक्टर आणि घरी फोन.

ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. मला वाटत नव्हतं, कारण नियम कसा पडला ते मी पाहिलं होतं. पांढरकवड्याकडचे एक आजोबा चपलेत पाय अडकून घसरले. मी घाबरून लगेच त्यांच्या मुलाला फोन केला. ऐन वेचणीचे दिवस, वावरात बाया लावलेल्या. तो सगळं टाकून दोन बस बदलून आला, तर बाप भाकर खात बसलेला. मुलगा पाणीही न पिता परत गेला. दोन महिन्यांनी आजोबा खरोखर पडले, तेव्हा फोनवर तो म्हणाला, ‘पाहा, जेवतीन रात्री.’ तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर आजोबा गेले होते. त्यानंतर बाईंनी पंगतीचा नियम केला. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं असेल तर त्याला मांडी घालता येणार नाही, हा त्यांचा हिशेब. चारदोन वेळा तो बरोबरही निघाला. आश्रमातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता आणि कुणी घसरलं की बाकीचे चेष्टेनं विचारायचे, ‘काय मंग, आज मांडी की खाट?’

या नियमात एक भोक होतं. ते ना बाईंच्या लक्षात आलं, ना माझ्या.

आमच्याकडे दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची बंजारा म्हातारी होती. तिचा मुलगा तिला ‘याडी’ म्हणायचा, म्हणजे आई. ते ऐकून आम्ही सगळेच तिला याडी म्हणायला लागलो. वयाची तिला काही कल्पना नव्हती. दंडापर्यंत बांगड्या, आरशांची काचोळी आणि दहा वाराचा घेरदार घागरा. पांढरी साडी नेसायला बाईंनी तिला एकदा सुचवून पाहिलं होतं. याडी म्हणाली, ‘मी का मेली काय अजून?’ त्यानंतर बाईंनी तो विषय काढला नाही.

तिचा मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सून तांड्यावर, वावर पाहायची आणि मजुरीलाही जायची. याडी घरी दोनदा पडली होती आणि तिला उचलायला दिवसभर कुणी नसायचं, म्हणून त्यानं आमच्याकडे आणून सोडलं. सोडताना तो रडला आणि ती नाही. पण त्यानं तिला शब्द दिला होता. वेचणी सरली की बायको घरी असते, तेव्हा होळीला घरी नेतो, कायमचं. अट एकच. ‘तू चालती पायजे, याडी. तुह्या तू उठली-बसली तं कोनाची ना नाही.’ तांड्यावरची होळी म्हणजे काय, ते तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की मला तिथं जाऊन आल्यासारखं वाटायचं. त्या दिवसासाठी तिनं एक नवी ओढणी उशीखाली ठेवली होती. सकाळी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालायची, आणि मी दिसले की ओरडून सांगायची, ‘पाह्य, चालून राह्यली.’

होळीला तीन आठवडे होते. सकाळी अंघोळीची घाई चालली होती. मी गरम पाण्याची बादली आणायला गेले आणि परत आले तर याडी न्हाणीच्या उंबऱ्याशी, ओल्या फरशीवर, एका कुशीवर पडलेली. मी उचलायला गेले तर हसली.

‘काही नाही झालं. सरकली.’

‘कुठं लागलं?’

‘कुठीच नाही. तू कोनाले सांगू नको. पोराले तं मुळीच नाही. माही होळी जाईन.’

‘नाही सांगत,’ मी म्हणाले. तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी पुन्हा म्हणाले, ‘नाही सांगत म्हटलं ना.’

तिला खाटेवर निजवलं, पाय चाचपून पाहिला. ती दात आवळून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मी सरळ ऑफिसात गेले, वही उघडली आणि शिसपेननं लिहिलं. माझं काम होतं ते. बाईंना तोंडीही सांगितलं, तिनं सांगू नको म्हटल्याचंसुद्धा सांगितलं. बाई चादरी मोजण्यात गुंतल्या होत्या, कारण दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुण्यांना तोटा नव्हता. कुणी नागपूरहून यायचं, कुणी मुंबईहून, गळ्यात कॅमेरे, आणि म्हाताऱ्यांना विचारायचे, ‘कसं वाटतं?’ पण हे पाहुणे महत्त्वाचे होते. आश्रमाला अनुदान द्यायचं की नाही, ते ठरवणारे.

‘पंगतीपर्यंत पाहू,’ बाई म्हणाल्या.

त्या दिवशी याडी दिवसभर खाटेवर होती. डोकं दुखतं म्हणाली. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिनं डोळे मिटून घेतले. संध्याकाळी मी ताटं काढत होते तर ती आधीच गॅलरीत येऊन बसलेली. सगळ्यांच्या आधी. कशी आली, कशी बसली, कुणीच पाहिलं नाही. घागरा सगळीकडे पसरलेला, ओढणी नीट, पुढं ताट. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, चष्मा वर केला, पंगतीवरून नजर फिरवली.

मी वाढत वाढत तिच्यापर्यंत आले आणि मला दिसलं. घागऱ्याची आरशांची किनार डाव्या बाजूला जवळ होती आणि उजव्या बाजूला हातभर लांब गेलेली. त्या टोकाशी, कापडाखाली, पावलाचा उंचवटा. तिनं मांडी घातलीच नव्हती. एक पाय लांब सोडून ती त्यावर घागरा पसरून बसली होती. ओठावर घाम होता. वाकले तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, ‘वरन वाढ अजून. चांगलं झालं आज.’ बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिनं सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं. बाई मान डोलावून आत गेल्या.

ताटं तशीच टाकून मी ऑफिसात गेले. तोवर नोंद पुसून झाली होती, खोडरबराचा चुरा बाई हातानं झटकत होत्या.

‘बाई, तिची मांडी नव्हती. घागऱ्याखाली दिसत नाही.’

‘तू घागरा वर करून पाहिलास?’

‘नाही.’

‘मग?’

मी म्हणाले, निदान डॉक्टरांना दाखवू, मुलाला फोन तरी करू. बाईंनी चष्मा काढला. त्या अशा वेळी आवाज चढवत नसत, उलट मऊ बोलायच्या.

‘पाहुणे जाऊ देत, मग मी स्वतः नेते तिला. आणि मुलाला फोन केलास तर तो होळीला नेणार आहे का तिला? ती बिचारी एवढी जिवावर उदार होऊन बसली, आणि तूच तिच्या पायावर धोंडा मारणार?’

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं आणि सुटल्यासारखंही झालं. याडीला दिलेला शब्दही राहतो आणि बाईंचाही राहतो, असं मनाशी म्हणत मी ताटं घासली.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून न्हाणीपर्यंत गेली आणि आली. मी तिला डोकेदुखीच्या नावाखाली दुखण्याची गोळी दिली. आम्ही दोघी एकमेकींशी डोकेदुखीबद्दलच बोललो. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. बाईंनी याडीला बाहेर खुर्चीवर बसवलं, कारण तिचे कपडे रंगीत आणि फोटोत छान येतात. एका पाहुणीनं तिच्या बांगड्यांना हात लावून पाहिला. याडीनं हसून दाखवलं. गाड्या फाटकाबाहेर गेल्या, मी तिला उठवायला हात दिला आणि ती उठता उठता माझ्या अंगावर कोसळली. त्या वेळी तिच्या तोंडून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

यवतमाळला दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीकडे धरून पाहिला. खुब्याचं हाड. ‘हे आजचं नाही,’ ते म्हणाले. ‘आधी नुसती चीर असणार. यावर हिला चालवलं, बसवलं, म्हणून सरकलं. त्याच दिवशी निजवून ठेवली असती तर गोष्ट वेगळी होती.’ आता या वयात, अशा अशक्त छातीला ऑपरेशन झेपायचं नाही, असंही म्हणाले.

मुलगा वणीहून तसाच आला होता. कानांच्या पाळ्यांपर्यंत कोळसा. तो आईच्या खाटेजवळ गेला नाही, आधी आमच्यासमोर उभा राहिला.

‘कधी पडली माय?’

मी बाईंकडे पाहिलं. मला खरंच वाटलं होतं की बाई सांगतील. माझ्या बापाशी दोन तास वाद घालणारी ती बाई, तिला या पोराशी दोन मिनिटं खरं बोलता येईल, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

‘मलाही आत्ताच कळतंय,’ बाई म्हणाल्या. ‘वहीत काही नोंद नाही. सिस्टरनं माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही.’ आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘पोरगी वाईट नाही हो. आईंनीच तिला शपथ घातली असणार. चुकतं माणूस. मी सांभाळून घेईन.’

त्या हातानं मला जे झालं ते तोंडात मारल्यानंही झालं नसतं. दोष माझ्यावर टाकला तो टाकला, वर मला माफही केलं. मी तोंड उघडलं. मी सांगितलं होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, की मग तीन दिवस काय केलंस? शाळेत वर्गापुढं उभं करून बाई उत्तर विचारायच्या तेव्हा येत असूनही माझी जीभ टाळ्याला चिकटायची. तशीच चिकटली.

मुलगा ओरडला नाही. म्हणाला, ‘सिस्टर, माहा फोन चालूच होता.’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी नसताना मी वही उन्हात तिरपी धरली. शिसपेन दाबून लिहायची माझी सवय. पुसलेल्या ओळीत याडीचं नाव आणि ‘न्हाणीजवळ, सकाळी’ असे खळगे स्पष्ट दिसत होते. ते पान फाडून मुलाला दाखवावं असं फार वाटलं. दाखवलं असतं तर बाई खोट्या ठरल्या असत्या आणि त्यांच्या शेजारी मीही दोषी म्हणून उभी दिसले असते. मी वही मिटून ठेवली. बाईंना याबद्दल मी काही विचारलं नाही आणि त्याही काही बोलल्या नाहीत. त्या मला सकाळी पूर्वीसारख्याच ‘चहा घेतलास का?’ म्हणायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अनुदान मंजूर झालं.

आठवड्यानं याडीला परत आश्रमात आणलं, पायाला वजन लटकवून. मुलानं घरी न्यायचं नावही काढलं नाही आणि तिनंही नाही. बाकी सगळ्यांशी ती बोलायची. मी घास भरवायला गेले की तोंड फिरवायची. मला वाटलं, तिचा समज झाला की मी मुलाला कळवलं. एक दिवस मी ताट खाली ठेवून सांगूनच टाकलं.

‘याडी, मी तुह्या पोराले नाही सांगतलं. डॉक्टरनं सांगतलं. मी फकस्त बाईले सांगतलं होतं.’

तिनं मान वळवली. ‘बाईले? कवा?’

‘त्याच दिवशी. सकाळीच.’

‘पंगतीच्या आंधी?’

‘हो.’

तिनं छताकडे पाहिलं. पाखरांनी जिनिंगच्या तुळयांवर घरटी केली होती, तिकडे.

‘मंग बाई दारात उभी राह्यली होती, ते मलेच पाहून राह्यली होती?’

मी खाली ठेवलेलं ताट उगाच थोडं सरकवलं.

‘मले वाटलं, तिले काही मालूम नाही. तिच्यासाठीच तं बसली मी. तिले मालूम हाये असं मले मालूम असतं तं मी कायले बसली असती? खाटीवर नसती पडली?’ तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ‘जीव जाऊन राह्यला होता माहा. अन् तुमी दोघी पाहून राह्यल्या होत्या.’

वरण मागितलं तेव्हा तिच्या ओठावर घाम होता, तो मी पाहिला होता. तरी मी तिला वरण वाढलं होतं, दोन पळ्या.

बाईंनी मला दगा दिला, हे मी त्या दिवसापर्यंत रोज घोकत होते आणि ते आजही खरंच आहे. पण त्या खाटेजवळ उभं राहून ते मला म्हणता येईना. याडीनं उशीखाली हात घातला, ती नवी ओढणी काढली आणि माझ्याकडे दिली.

‘हे माह्या सुनेले देजो. होळीले ओढीन थे.’

मग तिनं आपली जुनी ओढणी तोंडावर ओढून घेतली. मी ताट उचलून बाहेर आले. गॅलरीत पंगतीसाठी बसायच्या पट्ट्या टाकायची वेळ झाली होती.